बुद्धिबळांतील भांडवल

देवळाच्या ओवरीवर किंवा वाड्याच्या ओसरीवर बुद्धिबळाचा डाव रंगांत आला असतां मागाहून येऊन उभा राहणारा प्रेक्षक पहिल्यानें पटाकडे पाहतच नाहीं. पटाच्या कडेला पडलेल्या मेल्या मोहऱ्यांकडे तो पाहतो, मनाशीं मोजदाद करतो, आणि एका पक्षाचा हत्ती अधिक मेलेला दिसला कीं त्या पक्षाचा डाव बुडाला असें ठरवून मोकळा होतो. ही रीत अगदींच टाकाऊ आहे असें नव्हे. सामान्य खेळाडूंच्या बहुतेक डावांत तिचा निकाल खराच ठरतो. परंतु १८५८ सालीं पॅरिस येथें खेळल्या गेलेल्या एका डावाच्या अखेरीस हा प्रेक्षक तेथें येऊन उभा राहता, तर त्याचा हिशेब पार फसला असता. पांढऱ्याजवळ त्या वेळीं राजाखेरीज एक हत्ती, एक उंट व सात प्यादीं एवढेंच सैन्य उरलें होतें. काळ्याजवळ वजीर, हत्ती, उंट, घोडा व पांच प्यादीं होतीं. आणि मात झाली होती ती काळ्या राजावर.

असें कां व्हावें, हा प्रश्न केवळ त्या एका डावापुरता नाहीं. ज्या ज्या खेळांत दोन बुद्धि समोरासमोर बसतात आणि दैवाला, म्हणजे फांशाला, स्थान नसतें, त्या प्रत्येक खेळांत खेळाडूच्या हातीं अनेक प्रकारचें भांडवल असतें आणि त्यांतील कोणतें केव्हां राखावें व कोणतें केव्हां उधळावें यावरच जय-पराजय अवलंबून राहतो. बुद्धिबळांत हें भांडवल ढोबळ मानानें चार प्रकारचें मानतात. पहिलें सैन्य, म्हणजे पटावरील मोहरे व प्यादीं. दुसरी वेळ. येथें वेळ म्हणजे घड्याळांतील मिनिटें नव्हेत. एक खेळी हा वेळेचा एक घटक, आणि ज्याचे मोहरे कमी खेळ्यांत कामाला लागले त्यानें तेवढी वेळ कमावली असें समजावयाचें. तिसरी जागा, म्हणजे आपल्या मोहऱ्यांच्या ताब्यांतील घरें. चौथी राजाची सुरक्षितता. या चौघांत थोर कोण, असें विचारलें तर नवशिका खेळाडू क्षणाचाहि विलंब न लावतां सैन्याचें नांव घेईल. त्याला तसें शिकविलेलेंच असतें.

शिकविण्याचा तो कोष्टक सर्वांच्या परिचयाचा आहे. प्याद्याचा एक गुण धरला तर घोड्याचे तीन, उंटाचे तीन, हत्तीचे पांच आणि वजिराचे नऊ. राजाला किंमत नाहीं, कारण तो गेल्यावर किंमत मोजावयास डावच शिल्लक राहत नाहीं. इंग्लंडचा नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यानें १८४७ सालच्या आपल्या ग्रंथांत याहूनहि बारीक आंकडे दिले होते: घोडा ३.०५, उंट ३.५०, हत्ती ५.४८ आणि वजीर ९.९४. प्याद्याचा शंभरावा भाग म्हणजे नेमकें काय, हें पटावर कोणास दाखवितां येणार नाहीं. तरीपण सराफाच्या कांट्यावर गुंजा तोलाव्यात तसे हे आंकडे तोलून लिहिलेले आहेत, आणि ते वाचतांना वाटतो तेवढा हास्यास्पद तो प्रकार नाहीं, हें पुढें दिसून येईल.

कोष्टकाची खरी उणीव बारकाव्यांत नाहीं. मोहरा कोठें उभा आहे व किती वेळांत उपयोगीं पडणार आहे, हें तो विचारतच नाहीं, ही ती उणीव होय. घरांतून बाहेर न पडलेल्या हत्तीचेहि पांच गुण आणि शत्रूच्या राजासमोर उभ्या ठाकलेल्या हत्तीचेहि पांचच. तिजोरींतील रुपया आणि बाजारांतील रुपया यांची किंमत वहींत सारखीच लिहिली जाते, परंतु बाजाराच्या दिवशीं तिजोरीची किल्ली हरवली असेल तर त्यांत किती अंतर पडतें हें व्यापाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

आतां पॅरिसच्या त्या डावाकडे वळावयास हरकत नाहीं. अमेरिकेचा पॉल मॉर्फी हा त्या वेळीं अवघा एकवीस वर्षांचा होता. नाट्यगृहांतील एका खास कक्षांत, समोर संगीत नाटक चालू असतां, ब्रन्सविकचा ड्यूक व काउंट इझुआर या दोघां उमरावांनीं परस्परांच्या सल्ल्यानें त्याच्याशीं हा डाव मांडला. सातव्या खेळीस मॉर्फीनें आपला वजीर अशा घरीं आणला कीं, काळ्याच्या राजाजवळचें एक प्यादें आणि वजिराच्या बाजूचें एक प्यादें, या दोहोंवरहि एकदम मारा झाला. उमरावांनीं वजीर राजापुढें आणून पहिलें सांवरलें. दुसरें फुकट पडलें. कोष्टकावर विश्वास ठेवणारा कोणीहि खेळाडू तें उचलता, आणि तें उचलणें चुकीचेंहि ठरलें नसतें. परंतु तें खाल्लें तर दोन्ही वजिरांची अदलाबदल होऊन डाव संथ पडणार होता. मॉर्फीनें प्याद्याकडे ढुंकूनहि न पाहतां आपला दुसरा घोडा बाहेर काढला, आणि पुढल्या खेळीस दुसरा उंट.

येथें पट क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. पांढऱ्याचा वजीर, दोन्ही उंट व एक घोडा मैदानांत उतरले आहेत. काळ्याचा एक घोडा बाहेर आहे आणि वजीर राजापुढें येऊन स्वतःच्याच उंटाची वाट अडवून उभा आहे. सैन्य दोहोंकडे सारखें. वेळ मात्र पांढऱ्याजवळ काळ्याच्या दुपटीनें. उमरावांनीं यानंतर एक प्यादें पुढें ढकलून पांढऱ्या उंटास हुसकावूं पाहिलें. मॉर्फीनें उंट मागें घेतला नाहीं. त्यानें घोडा देऊन दोन प्यादीं घेतलीं आणि काळ्या राजास शह दिला. लगेच राजाचा किल्ला करून त्याच एका खेळींत हत्तीहि मोकळ्या पट्टींत आणला. तो हत्ती एका घोड्यासाठीं दिला. त्याच्या जागीं दुसरा हत्ती उभा केला. आणि सोळाव्या खेळीस चक्क वजीर मारूं दिला. सतराव्या खेळीस मात झाली. मात होईपर्यंत काळ्याचा राजाकडील उंट आणि त्या बाजूचा हत्ती आपल्या मूळ घरांतून एकदाहि हलले नव्हते. कोष्टकाच्या हिशेबानें काळ्याजवळ पंचवीस गुण होते व पांढऱ्याजवळ पंधरा; परंतु त्या पंचविसांतील आठ गुण घराबाहेरच पडले नव्हते.

या डावावरून सैन्याहून वेळ श्रेष्ठ, असा सिद्धांत काढण्याचा मोह अनेकांना झाला आहे, आणि तो मोह आवरावयास पाहिजे. मॉर्फीनें मिळविलेली वेळ ही दुधासारखी होती. तें त्याच दिवशीं विरजलें किंवा आटविलें तरच त्याचें कांहीं बनतें. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलें तर नासतें. मॉर्फी आणखी चार खेळ्या स्वस्थ बसता, तर काळ्याचे उंट व हत्ती बाहेर आले असते, राजा कोपऱ्यांत सुरक्षित झाला असता, आणि पांढऱ्याचा पुढाकार कोठल्या कोठें विरून गेला असता. सैन्य हें त्याच्या उलट पेंवांतील जोंधळ्यासारखें असतें. अधिक मिळालेलें प्यादें आज निरुपयोगी दिसलें तरी तें पन्नास खेळ्यांनंतरहि प्यादेंच राहतें. किंबहुना पट जसजसा रिकामा होत जातो तसतशी त्याची किंमत वाढत जाते, कारण शेवटच्या रांगेंत पोंचून वजीर होण्याच्या त्याच्या वाटेंत अडथळे कमी होत जातात. विल्हेल्म स्टाइनिट्झ, जो १८८६ सालीं पहिला जगज्जेता झाला, त्याची शिकवण मुख्यतः याच भेदावर उभारलेली आहे. कोणता लाभ टिकाऊ आणि कोणता नाशिवंत हें आधीं ओळखावें. नाशिवंत लाभ ज्याजवळ आहे त्यानें ताबडतोब हल्ला केलाच पाहिजे, नाहीं तर तो लाभ हातचा जाईल. आणि ज्याजवळ टिकाऊ लाभ आहे त्यानें घाई करूं नये. जुन्या शिक्षकांचा एक ढोबळ हिशेब असा आहे कीं, आरंभीं तीन खेळ्यांची आघाडी ही एका प्याद्याच्या बरोबरीची मानावी. हिशेब ठीक आहे. परंतु प्याद्याला मुदत नाहीं आणि खेळ्यांना आहे, एवढें त्यांत लिहावयाचें राहून गेलें आहे.

खेळाचे नियम बदलले कीं भांडवलाची किंमतहि बदलते, याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. आपल्याकडे जो देशी डाव पिढ्यान् पिढ्या खेळला जात असे त्यांत प्यादें पहिल्या खेपेसहि एकच घर सरकत असे. किल्ला करण्याची सोय नव्हती. त्याऐवजीं राजास एकदां घोड्याची उडी मारतां येई. साहजिकच डावाचा आरंभ संथ होई, सैन्यें एकमेकांस भिडावयास पुष्कळ खेळ्या लागत, आणि दोन-तीन खेळ्या वायां गेल्या तरी आकाश कोसळत नसे. दुसराहि एक नियम मोठा मार्मिक होता. प्रतिपक्षाचे सर्व मोहरे व प्यादीं मारून त्याचा नुसता राजा उरविला तर 'बुर्जी' होई, आणि बुर्जी ही पुरी जीत मानली जात नसे. म्हणून जिंकणाऱ्यास शत्रूचें एखादें प्यादें मुद्दाम जिवंत ठेवून मात करावी लागे. हपापल्यासारखें सर्व कांहीं गिळणाऱ्या खेळाडूस हा नियम आपोआप चाप लावी. पोरांना बुद्धिबळ शिकवितांना तो आजहि एखादे दिवशीं लावून पाहावा. खादाडपणा चार डावांत कमी होतो.

या देशी पद्धतींत वाढलेला खेळाडू परक्या नियमांच्या पटावर गेला म्हणजे काय होतें हें मीर सुलतान खान यानें दाखवून दिलें. पंजाबांतील हा खेळाडू सर उमर हयात खान यांच्या आश्रयानें १९२९ सालीं लंडनला गेला आणि त्याच वर्षीं त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. पुढें १९३२ व १९३३ सालींहि तें त्यानेंच जिंकलें. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या सामन्यांत त्यानें माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविलें. युरोपीय डावांच्या आरंभाचीं पुस्तकें त्यानें अभ्यासिलेलीं नव्हतीं, त्यामुळें पहिल्या दहा-पंधरा खेळ्यांत तो वारंवार मागें पडे. म्हणजे वेळेच्या भांडवलांत तो दरिद्री होता. परंतु डाव मध्यावर आला आणि मोहरे विरळ होऊं लागले कीं पारडें फिरे. प्रत्येक घराची व प्रत्येक प्याद्याची शेवटपर्यंतची किंमत त्याला ठाऊक असे. त्याला ग्रँडमास्टर ही पदवी मिळाली ती मरणोत्तर, २०२४ सालीं. तो १९६६ सालीं वारला होता.

डावाची अखेर ही तर कोष्टकाची सत्त्वपरीक्षाच होय. नुसत्या राजाविरुद्ध दोन घोडे उरले तर कोष्टकाप्रमाणें सहा गुणांची आघाडी आहे. परंतु प्रतिपक्ष बरोबर खेळला तर दोन घोड्यांनीं मात करतां येत नाहीं. त्याला कोंडावयास जावें तों त्याची चालच खुंटते आणि डाव बरोबरींत सुटतो. यांतील चमत्कार असा कीं, दुबळ्या पक्षाजवळ एखादें प्यादें असेल तर कित्येक वेळां मात करतां येते. राजा कोंडला गेला तरी त्याला प्यादें सरकविणें भाग पडतें, डाव कुंठित होत नाहीं, आणि तेवढ्या अवधींत घोडा शेवटचा शह देतो. शत्रूचें भांडवल तें आपलें भांडवल, असा हा प्रकार आहे. त्याचप्रमाणें पटाच्या कडेचें प्यादें व उंट जवळ असूनहि, तें प्यादें ज्या कोपऱ्यांत वजीर व्हावयाचें त्या घराचा रंग उंटाच्या रंगाहून निराळा असेल व शत्रूचा राजा तेथें जाऊन बसला असेल, तर चार गुणांची आघाडी कवडीमोल होते. उलट केवळ एक प्यादें, म्हणजे एकच गुण, आणि त्याच्यापुढें चालणारा राजा यांनीं असंख्य डाव जिंकले गेले आहेत.

अखेरीच्या डावांत वेळेचें रूपहि पालटतें. दोन राजे मध्यें एक घर सोडून समोरासमोर उभे असतां ज्याच्यावर खेळण्याची पाळी येईल त्याला बाजूस सरावें लागतें आणि वाट सोडून द्यावी लागते. आरंभीं जी एक खेळी मिळावी म्हणून खेळाडू प्यादें द्यावयास तयार होतो, तीच खेळी येथें दुसऱ्याच्या गळ्यांत घालण्यासाठीं तो धडपडतो.

जागा आणि वेळ यांचा संबंध किती विलक्षण असूं शकतो हें रिचर्ड रेटी यानें १९२१ सालीं रचलेल्या एका कूटांत दिसतें. पटावर चारच सोंगट्या आहेत. पांढरा राजा उजवीकडील वरच्या कोपऱ्यांत आहे. त्याच पट्टींत त्याच्याखालीं तिसऱ्या घरावर काळ्याचें प्यादें असून तें खालीं धांवत सुटणार आहे. पांढऱ्याचें एकुलतें प्यादें दूर डावीकडे वरून तिसऱ्या रांगेंत आहे व काळा राजा त्याला दोन खेळ्यांत खाऊं शकतो. पांढऱ्यानें शत्रूच्या प्याद्यामागें सरळ धांव घेतली तर तें हातीं लागत नाहीं; आणि आपल्या प्याद्याच्या मदतीस जावें तर तेंहि फार लांब आहे. दोन्हीकडून नाश दिसतो. परंतु पांढरा राजा तिरपा चालूं लागतो. तिरप्या चालीनें पटाच्या मध्याकडे येणारें प्रत्येक पाऊल त्याला दोन्ही प्याद्यांच्या जवळ आणतें. काळ्यानें आपलें प्यादें पुढें रेटलें तर पांढरा राजा स्वतःच्या प्याद्याजवळ पोंचतो. काळा राजा तें प्यादें खाण्यांत दोन खेळ्या घालवील तर पांढरा राजा वळून पळणाऱ्या प्याद्यास गांठतो. डाव बरोबरींत सुटतो. कागदावर मोजून पाहिलें तर कळतें कीं, कोपऱ्यांतून त्या पट्टीच्या तळाशीं असलेल्या दुसऱ्या रांगेपर्यंत सरळ उतरावयास सहा खेळ्या लागतात आणि मध्यापर्यंत तिरपें जाऊन परत यावयासहि सहाच. भूमितींत दोन बिंदूंमधील सरळ रेषा सर्वांत आंखूड असते. पटावर तसें नाहीं. राजाला येथें एकाच खर्चांत दोन कामें साधतां आलीं.

कधीं कधीं एखाद्या घराचीच किंमत हत्तीएवढी होते. १९५३ सालच्या झुरिच येथील सामन्यांत तिग्रान पेट्रोशन हा सॅम्युअल रेशेव्हस्कीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनीं खेळत होता. रेशेव्हस्कीचीं दोन प्यादीं मध्यभागीं जोडीनें पुढें सरकण्याच्या बेतांत होतीं. त्यांना थोपवावयाचें तर त्यांच्यासमोरील एका घरावर घोडा नेऊन बसविणें हाच उपाय होता, आणि घोड्याच्या वाटेंत पेट्रोशनचा स्वतःचाच हत्ती उभा होता. पेट्रोशननें तो हत्ती एक घर पुढें केला. पांढऱ्या उंटाच्या अगदीं तोंडीं. हत्ती देऊन उंट घेणें म्हणजे कोष्टकाप्रमाणें दोन गुणांचा सरळ तोटा. परंतु घोडा आपल्या घरीं जाऊन बसला, प्यादीं जागच्या जागीं थिजलीं, आणि मोकळ्या पट्ट्याच न उरल्यामुळें पांढऱ्याच्या हत्तींना करावयास कांहीं काम राहिलें नाहीं. डाव बरोबरींत सुटला. मॉर्फीचें वजीरदान डोळे दिपवितें हें खरें; परंतु न्यायबुद्धीनें पाहतां पेट्रोशनची ही खेळी अधिक अवघड मानावी लागेल. मॉर्फीला समोर मात दिसत होती. पेट्रोशनला समोर कांहींच दिसत नव्हतें. एक घर, एक घोडा आणि धीर, एवढ्यावर त्यानें हत्ती सोडला. तोच पुढें १९६३ पासून १९६९ पर्यंत जगज्जेता होता.

घड्याळांतील वेळ हें पांचवें भांडवल म्हणावें कीं काय, याविषयीं जुन्या ग्रंथांत विचार फारसा नाहीं. आजच्या सामन्यांत मात्र त्याला वगळतां येत नाहीं. २०२५ सालच्या महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरींत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरु हंपी यांचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरींत सुटले, आणि निकाल लागला तो जलद डावांत, जेथें मोहऱ्याइतकेंच मिनिटांसहि जपावें लागतें. तो दिव्या देशमुख हिच्या बाजूनें लागला.

माणसानें बनविलेल्या यंत्रांनीं या सर्व वादांत काय भर घातली हेंहि पाहण्यासारखें आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन यानें १९५० सालीं संगणकास बुद्धिबळ कसें शिकवितां येईल याची रूपरेषा प्रसिद्ध केली. तींत त्यानें नऊ, पांच, तीन, तीन, एक हेच कोष्टकाचे गुण घेतले. राजाला दोनशें दिले. दुहेरी व एकाकी प्याद्यांसाठीं अर्धा गुण वजा केला. आणि मोहऱ्यांना उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीमागें एक दशांश गुण मिळविला. दहा चालींची मोकळीक म्हणजे एक प्यादें, असा हा भाव झाला. त्यानंतर कित्येक दशकें यंत्रें याच वाटेनें चाललीं व बलाढ्य झालीं. २०१७ सालीं लंडनच्या डीपमाइंड संस्थेनें तयार केलेल्या अल्फाझीरो या यंत्रास मात्र कोणताच भाव सांगितलेला नव्हता. त्याला केवळ नियम सांगितले आणि स्वतःशींच डाव खेळावयास लावलें. स्टॉकफिश या तेव्हांच्या अग्रगण्य यंत्राशीं झालेल्या शंभर डावांपैकीं अठ्ठावीस त्यानें जिंकले, बहात्तर बरोबरींत सुटले आणि एकहि गमावला नाहीं. सामन्याच्या अटी स्टॉकफिशला जाचक होत्या अशी तक्रार झाली, व तींत तथ्यहि होतें. परंतु जाणकारांचें लक्ष निकालापेक्षां खेळण्याच्या तऱ्हेनें वेधून घेतलें. हें यंत्र एक-दोन प्यादीं सहज देऊन टाकी, त्यांच्या बदल्यांत लगेच कांहीं मागत नसे, आणि प्रतिपक्षाचा एखादा उंट किंवा हत्ती स्वतःच्याच प्याद्यांमागें अडकून पडेल अशी कोंडी करून तीस-तीस खेळ्या त्याला तसेंच दाबून ठेवी.

पुढें २०२० सालीं संशोधकांनीं उलट दिशेनें हिशेब केला. या यंत्राच्या खेळावरून मोहऱ्यांची सरासरी किंमत काय निघते हें त्यांनीं मांडून पाहिलें. उंट ३.३३ निघाला, हत्ती ५.६३ आणि वजीर ९.५. घोड्याची किंमत ३.०५ निघाली, १८४७ सालीं स्टॉन्टननें लिहिली होती तीच, शेवटच्या अंकापर्यंत. मात्र डाव खेळतांना ते आंकडे यंत्रापुढें कोठेंच मांडलेले नव्हते.